चौदा नंबरची टाकी

बेकजासरला रसायनशास्त्र येत नव्हतं, यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पुष्कळ भल्या माणसांना येत नाही. माझ्या आईलाही येत नव्हतं, आणि तिच्यासारखं शुबात, म्हणजे उंटिणीचं आंबवलेलं दूध, आमच्या अख्ख्या अक्सोरमध्ये कुणाला जमत नसे. पण माझी आई तेलशुद्धीकरण कारखान्याची संचालक नव्हती. बेकजासर होता.

वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे 'आपाय' म्हणतात. एकदा भर बैठकीत त्याने मला विचारलं, "आपाय, तुमच्या तपासणीत दर वेळी ब्रोमिनचा रंग उडतो आणि आपला माल नापास होतो. मग जरा पक्क्या रंगाचं ब्रोमिन मागवा ना!"

कुणी हसलं नाही. खरेदी विभागाच्या प्रमुखाने तर वहीत लिहूनही घेतलं.

मी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस प्रमुख म्हणून. बेकजासर कॉलेजातून शिकाऊ म्हणून आला तेव्हा माझ्याच हाताखाली होता. तीन महिन्यांत त्याने थेंब मोजायचे काचेचे अकरा ब्युरेट फोडले आणि बाराव्याच्या वेळी तो युवक संघटनेचा चिटणीस झाला. मग काचेला हात लावायचं त्याला कारणच उरलं नाही. देश बदलला, झेंडा बदलला, कारखाना सरकारचा होता तो कुणाकुणाचा झाला, आणि या सगळ्या उलथापालथीत बेकजासर तेलासारखा वरच तरंगत राहिला. सगळे त्याला आदराने 'बेके' म्हणत. मी 'तू' म्हणत असे. त्याला ते आवडत नसे, पण माझ्या वयापुढे त्याचं काही चालत नव्हतं.

आता थोडं क्रॅकिंगबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कच्च्या तेलातला जड भाग, म्हणजे लांबच लांब साखळ्या, भट्टीत पाचशे अंशांपर्यंत तापवला की त्या तुटतात आणि त्यातून पेट्रोल मिळतं. पाव मोडला की दोन्ही तुकडे पावच राहतात, पण इथे तसं होत नाही. तुटलेल्या दोन तुकड्यांना पुरेल एवढा हायड्रोजन नसतो. एक तुकडा पोटभर जेवून उठतो, दुसरा उपाशी राहतो. त्या उपाशी तुकड्याला अल्कीन म्हणतात. त्यातले दोन कार्बन एकमेकांना दोन्ही हातांनी धरून बसतात आणि खायला काही दिसलं की एक हात सोडून त्याला पकडतात. ब्रोमिन दिसलं तर ब्रोमिन पकडतात, म्हणून त्याचा रंग उडतो. जितकं जास्त ब्रोमिन खाल्लं, तितके उपाशी जास्त. तोच ब्रोमिन अंक. काहीच मिळालं नाही तर ते हवेतला ऑक्सिजन धरतात, मग एकमेकांना धरतात, आणि काही महिन्यांत पेट्रोलचा डिंक होतो. म्हणून असं पेट्रोल साठवण्याआधी त्याला हायड्रोजन देऊन शांत करावं लागतं. हे मी शाळेतल्या पोरांना दहा मिनिटांत समजावलेलं आहे. बेकजासरला एकोणीस वर्षांत समजावता आलं नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये हायड्रोजनचा कॉम्प्रेसर बंद पडला. सुटे भाग यायला शरद ऋतू उजाडणार होता. शहाण्या माणसाने क्रॅकिंगची भट्टी थांबवली असती. पण मे महिन्यात राजधानीतून पाहुणे येणार होते आणि बेकजासरला हिवाळ्याच्या साठ्याचा विक्रम दाखवायचा होता. भट्टी चालू राहिली. कच्चं, उपाशी पेट्रोल तसंच चौदा नंबरच्या टाकीत जाऊ लागलं.

मी नमुना तपासला. ब्रोमिन अंक शहाऐंशी आला. साठवायच्या मालाला दहाच्या आत लागतो. मी पुन्हा तपासला, मग माझ्या सहायक तोरगिनला तपासायला लावला. शहाऐंशीच.

बेकजासरने मला त्याच्या खोलीत बोलावलं. टेबलावर बाउरसाकची, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची, थाळी होती, शेजारी चॉकलेटं. मला बसायला सांगून तो कागदाकडे बघत राहिला.

"आपाय, हा आठ कशाला लिहिलाय?"

"कारण तो आठ आहे."

"तो खोडा ना. नुसता सहा राहील. सहा किती छान आकडा आहे!"

"आणि टाकीतल्या मालाला कोण सांगणार, की बाबा आता तू सहा झालास?"

"पेट्रोल आहे ते. काडी लावली तर पेटतं की नाही?"

"काडी लावली तर तुझा कोटही पेटेल बेकजासर. म्हणून तो गाडीत घालतोस का?"

त्याचा चेहरा लाल झाला. मग तो हसला. असल्या माणसांना हसण्याचा मोठा सराव असतो. म्हणाला, "तुम्ही थकलात आपाय. तुम्हाला आरामाची जागा देतो."

आठ दिवसांनी एका छोट्या समारंभात त्याने माझ्या हातात फुलं दिली, माझ्या सेवेबद्दल बारा मिनिटं भाषण केलं, त्यात माझ्या वडिलांचं नाव चुकवलं, आणि मला पाण्याच्या तपासणीच्या खोलीत पाठवलं. बॉयलरच्या पाण्यातले क्षार मोजायचे. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली, एक खिडकी, आणि खिडकीतून समोर चौदा नंबरची टाकी.

माझ्या जागी तोरगिन आली, आणि कागदावर सहा लिहून तिने सही केली.

बेकजासरची मला कीव येत असे, राग नव्हे. गाढवाने वीणा वाजवली नाही म्हणून कुणी रागावत नाही. पण तोरगिनला मी घडवली होती. तिच्या हाताला धरून ब्युरेटची तोटी कशी फिरवायची ते शिकवलं होतं. थेंब पडायच्या आधी थांबणारी बोटं लाखात एखाद्याची असतात, ती तिची होती. आणि त्याच बोटांनी तिने तो सहा लिहिला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहिली.

"आपाय, माझा नवराही इथेच पाळीवर आहे. दोघांना एकदम काढलं असतं."

"मी काही विचारलं का?"

"विचारलं नाहीत, पण बघताय तशा."

"मी पाण्याकडे बघतेय. पाणी खोटं बोलत नाही."

ती उंबरा ओलांडून आत आली. मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात आणि इथे येऊन बसलात. तुमची मान ताठ राहिली, चांगलं झालं. पण टाकी तिथेच आहे आपाय. तुमच्या नाही म्हणण्याने त्यातला एक रेणूही हलला नाही. वर कुणाला पत्र लिहिलंत? कुणाला फोन केलात?"

"शिकवायला आलीस का मला?"

"नाही," ती म्हणाली, "शिकवून काय उपयोग, तुम्हाला सगळं येतंच." आणि गेली.

त्या वाक्यावर मी दोन दिवस चडफडले. कालची पोरगी, आणि तोंड बघा! तिच्या म्हणण्यात काही खरं आहे का, हे मात्र तपासून पाहिलं नाही. सगळी जिंदगी तपासण्यात गेली, पण ते नमुने बाटलीत येत, माणसाच्या तोंडून नाही.

उन्हाळा आला. आमच्याकडे जुलैत सावलीत बेचाळीस अंश असतात, आणि टाकीला कुठली आलीय सावली! पाहुणे मे महिन्यातच येऊन, टाकीसमोर फोटो काढून, मेंढी खाऊन गेले होते. टाकीला शिक्का मारला होता: हिवाळ्याचा साठा. ऑगस्टमध्ये टाकीवरच्या माणसाने मला गुपचूप बाटलीत थोडा माल आणून दिला. मेमध्ये वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळा होता, आता चहासारखा दिसत होता. वास आंबूस. मी थोडा काचेच्या वाटीत घेऊन गरम हवेवर उडवला. तळाला गोंदासारखा तपकिरी थर राहिला. मला, काय सांगू, बरं वाटलं. वाटी मी कपाटात ठेवली आणि अधूनमधून काढून बघत असे.

ऑक्टोबरमध्ये बेकजासरच्या मुलाचं, एरज़ातचं, लग्न ठरलं. नवरी तासबुलाकची, इथून दोनशे किलोमीटर, मध्ये सगळा माळ. तिला माहेराहून आणायला एकतीस गाड्या जाणार होत्या. एकतीस! नवरीच्या बापाच्या घरासमोर एवढ्या गाड्या लावायला जागा तरी आहे का, हे कुणी विचारलं नाही. आणि बेकेने उदार होऊन जाहीर केलं, सगळ्यांच्या टाक्या कारखान्यातून भरून मिळतील. चालू टाक्यांतला माल ठरलेल्या गिऱ्हाइकांचा. म्हणून शिक्का तोडायला लावला तो चौदा नंबरचा.

मलाही आमंत्रण होतं. कारखान्याच्या जुन्या माणसांसाठी एक बस होती, डिझेलवर चालणारी, खिडक्यांच्या फटींतून वारा येणारी. तोरगिनही त्याच बसमध्ये होती.

सकाळी आठ वाजता अंगणात गाड्यांची रांग लागली. सगळ्यांत पुढे बेकजासरची नवी पांढरी मर्सिडीज, बॉनेटवर फिती. तो नवरीकडून आलेल्या दोघा मानकऱ्यांना कारखाना दाखवत होता. मी सरळ त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बेकजासर, या गाड्यांत चौदा नंबर घालू नकोस. ते पेट्रोल नाही, डिंक आहे. तुला मेमध्ये सांगितलं होतं, तेव्हा तुझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आता तरी शिरव."

मानकरी एकमेकांकडे बघू लागले. बेकजासरने हात पसरले. "या आमच्या उल्मेकेन आपाय. कारखान्याची आजी! यांना अजून ब्रोमिनची भुतं दिसतात." मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "माझी गाडी सगळ्यांत आधी भर. काठोकाठ!"

मी बसमध्ये जाऊन बसले. तोरगिन पलीकडच्या आसनावर होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आपाय," ती हळूच म्हणाली, "बाजूला घेऊन सांगितलं असतंत तर त्याने ऐकलं असतं."

"त्याने? ऐकलं असतं?"

"कदाचित. पाहुण्यांसमोर तो कसा ऐकेल? तुम्हाला ते माहीत होतं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पहिले ऐंशी किलोमीटर मस्त गेले. हॉर्न, दोन तारांच्या डोंब्र्याची टुणटुण, खिडक्यांतून फडफडणारे रुमाल. मग पांढरी मर्सिडीज खोकली. दोनदा आचके दिले, आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. तिच्या मागून दोन जपानी गाड्या, मग एक जर्मन. जितकी गाडी महाग, तितकी आधी मेली. त्यांची इंजिनं नाजूक पोटाची. जुन्या रशियन गाड्या आणखी तीसेक किलोमीटर फुरफुरत गेल्या. मग त्याही एकेक करून बाजूला लागल्या, तांड्यातल्या थकलेल्या उंटांसारख्या. दुपारी बारापर्यंत एकतीसपैकी एकही गाडी चालत नव्हती. आमची बस मात्र वाटेत अडकलेल्या सगळ्यांना गोळा करत आली होती आणि शेवटच्या गाडीपाशी धूर सोडत उभी होती.

वारा सुटला होता. बायका तलम कपड्यांत कुडकुडत होत्या. सागिंदिक नावाचा एक म्हातारा ड्रायव्हर आपल्या वोल्गा गाडीचा कार्बुरेटर उघडून बसला. त्याने आत बोट घातलं आणि वर काढलं. बोटावरून तपकिरी तार लोंबत होती.

"मध आहे की काय?" तो म्हणाला. "बेके, लग्नाचा मध गाडीलाच पाजलात?"

चार जण हसले. बेकजासर तरातरा आला. "वाळू आहे ती! माळावरची वाळू गेलीय आत."

"वाळू चिकटत नाही बेके."

"तुमच्या गाड्याच भंगार आहेत!"

"आणि तुमची?" सागिंदिकने विचारलं.

मला माझा क्षण दिसत होता. पाच महिने मी तो मनात घोळवला होता, प्रत्येक शब्द घासूनपुसून ठेवला होता. मी बसची पायरी उतरले, डोक्याचा रुमाल सावरला, आणि तोंड उघडणार तोच माझ्या मागून तोरगिन पुढे झाली.

"वाळू नाही," ती म्हणाली. "कच्च्या क्रॅकिंगचा माल आहे. अंक शहाऐंशी होता. मी सहा लिहिला. सही माझी आहे."

सागिंदिक बोट पुसायचं विसरला. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला कुणी विचारलं नव्हतं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

आणि बेकजासर? एखादा माणूस अशा वेळी निदान खाली बघतो. याचा चेहरा उजळला. बुडणाऱ्याला फळी सापडावी तसा.

"ऐकलंत?" तो ओरडला. "सगळ्यांनी ऐकलंत ना? हिने खोटा आकडा लिहिला! माझ्या मुलाच्या लग्नाचा विचका केला हिने! मला फसवलं!"

"तुझ्या सांगण्यावरून लिहिला," मी म्हणाले. "मलाही तू तेच सांगितलं होतंस. आठ खोडा म्हणालास."

"आपाय, तुमचं वय झालंय. कागदावर सही कुणाची?"

तोरगिन एवढंच म्हणाली, "माझीच." आणि बसमध्ये जाऊन शेवटच्या आसनावर बसली.

तासबुलाकला आम्ही संध्याकाळच्या सुमारास पोचलो, सगळे त्या एका बसमध्ये कोंबून. पांढऱ्या सुटातला नवरदेव आहेराच्या दोन मेंढ्यांच्या मध्ये उभा, बेकजासरच्या बायकोच्या मांडीवर चहाचा समोवार, आणि बेके स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी पत्र्याच्या डब्यावर. नवरीचा बाप दारात वाट बघत होता. त्याने बस बघितली, बसच्या मागचा रिकामा रस्ता बघितला, आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "बेके, मी ऐकलं होतं की तुमचा पेट्रोलचा कारखाना आहे?"

तो प्रश्न आजही आमच्या भागात चालतो. कुणी फार फुशारकी मारली की माणसं विचारतात, "पेट्रोलचा कारखाना आहे का तुमचा?"

लग्न झालं. मुलगी गुणी निघाली, मुलगाही वाईट नव्हता. तोरगिन जेवणाला बसली नाही. बाहेर बसच्या पायरीवर बसून राहिली. मी तिच्यासाठी थाळी घेऊन गेले. तिने ती घेतली आणि माझ्याकडे न बघता शेजारी ठेवली.

चौकशी समिती आली. मी माझी जुनी नोंदवही घेऊन गेले, शहाऐंशी लिहिलेली. त्यांनी सगळं टिपून घेतलं. एकाने ब्रोमिन कसं लिहितात ते विचारलं. निकाल असा लागला: प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा. तोरगिनला काढलं. तिच्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच राजीनामा दिला. टाकीतला उरलेला माल बॉयलरमध्ये थोडा थोडा करून जाळला. बेकजासरला वसंतात प्रांताच्या कचेरीत बढती मिळाली, इंधनाच्या दर्जाचा सल्लागार म्हणून. मी हे विनोद म्हणून सांगत नाही. त्याच्या दारावर तशी पाटी आहे. निरोपाच्या भाषणात त्याने माझ्याही नावाचा उल्लेख केला, आणि वडिलांचं नाव या वेळी वेगळं चुकवलं.

त्याच्याबद्दल मला अजूनही काही वाटत नाही. गोगलगाईबद्दल काय वाटायचं? पण स्वतःबद्दल मी त्या हिवाळ्यात पुष्कळ विचार केला, आणि जे दिसलं ते फारसं बघण्यासारखं नव्हतं. मी चूक केली नव्हती. फक्त, दुसऱ्यांनी केलेली चूक पिकेपर्यंत खिडकीत बसून वाट बघितली होती. कपाटातली ती काचेची वाटी मी एक दिवस काढली आणि ॲसिटोनने घासत बसले. पुष्कळ वेळ लागला.

फेब्रुवारीत मी तासबुलाकला गेले. तोरगिन तिथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. माझ्याजवळ एक पेटी होती: चार ब्युरेट, सहा चंचुपात्रं, थोडं ब्रोमिन पाणी, सगळं माझ्या घरच्या कपाटातलं. ती वऱ्हांड्यात भेटली. पेटी उघडून तिने प्रत्येक ब्युरेटची तोटी फिरवून बघितली.

"चांगल्या आहेत," ती म्हणाली.

"तोरगिन, मी तुला त्या दिवशी..."

"आपाय, वर्ग सुरू झालाय माझा." मग पेटी उचलून म्हणाली, "चहाला थांबा. पाऊण तास लागेल. बाहेर थंडी आहे, आत बसा हवं तर."

मी मागच्या बाकावर बसले, तेरा वर्षांच्या दोन मुलींच्या शेजारी. तोरगिनने फळ्यावर दोन कार्बन काढले, त्यांच्यात दोन रेघा मारल्या, आणि सांगायला सुरुवात केली. एके ठिकाणी तिने गोष्ट जरा जास्तच सोपी केली, इतकी की ती धड बरोबर राहिली नाही. माझ्या शेजारच्या मुलीने वहीत तसंच उतरवून घेतलं.

मी काही बोलले नाही. पाऊण तास गप्प बसले. मग आम्ही चहा घेतला.